बिडीचा धूर आणि आपले तोंड
(अजिंठा येथील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



आपण दिवसभर रानात राबून, कोणी भाता सोडून, कोणी रंधा खाली ठेवून येथे आला आहात, सबब फार लांबण लावण्याची आमची इच्छा नाही. परंतु विषय असा आहे की तो प्रत्येकाच्या तोंडात आहे आणि तोंडात असूनही कोणी त्याकडे पाहत नाही. बैल विकत घ्यावयाचा झाला म्हणजे आपण आधी त्याचा जबडा उघडून दात मोजतो. शंभर माणसांचे डोळे चुकवून कोणी म्हातारा बैल आपल्या गळ्यात बांधील अशी आपणांस धास्ती असते. पण स्वतःचा जबडा आरशापुढे उघडून किती जणांनी पाहिला आहे? हात वर करा म्हटले तर चार हात वर होतील की नाही याची आम्हास शंका आहे. येथे बसलेल्या मंडळींपैकी निम्म्यांच्या खिशात या घटकेस बिडीचे बंडल आहे, हे मात्र आम्ही न विचारता सांगू शकतो. कारण वास येतो आहे.

आपले गाव लेण्यांचे गाव म्हणून सर्व जगास ठाऊक आहे. त्या लेण्यांची एक गोष्ट आधी सांगतो. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती लेणी पडली. त्यापूर्वी व नंतरही कित्येक वर्षे गोसावी-बैरागी तेथे उतरत, चुली मांडीत, धुनी पेटवीत. त्या धुराची काजळी चित्रांवर बसली. पुढे निजामशाहीत, १९२० नंतर, इटलीहून कारागीर आणवून चित्रांवर रोगण चढविले, तर ते रोगणही कालांतराने पिवळे पडले. आज रसायनशास्त्र जाणणारे लोक कापसाच्या बोळ्याने बोटबोट जागा साफ करीत बसतात. आणि मोटारींचा धूर चित्रांस लागू नये म्हणून फर्दापूरच्या तिठ्यावरच पाहुण्यांच्या गाड्या अडवून तेथून पुढचे चारेक किलोमीटर त्यांस सरकारी बसने नेतात. भिंतीवरच्या चित्रास धूर लागू नये म्हणून एवढी व्यवस्था! आणि त्याच तिठ्यावर बसची वाट पाहत उभा राहिलेला आपला माणूस बिडी शिलगावून तोच धूर आपल्या जिवंत कातडीवर सोडीत असतो. भिंतीची काजळी पुसता येते. जबड्याचे झिजलेले हाड कोणाही रसायनवाल्यास परत आणता येत नाही.

आणखी एक गंमत पाहा. त्या सबंध लेण्यांत राजे आहेत, दासी आहेत, व्यापारी आहेत, शिकारी आहेत. पण चिलीम किंवा बिडी ओढणारा एकही मनुष्य नाही. असणारच नाही. तंबाखू हे झाड अमेरिकेचे. ते पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आले. असदबेग नावाच्या सरदाराने विजापुरास तंबाखू पाहिली आणि १६०४ च्या सुमारास ती अकबर बादशहाच्या दरबारी नेली. पुढे जहांगिराने १६१७ साली तिजवर बंदी घातली, पण ती कोणी जुमानली नाही. म्हणजे जे लोक 'चिलीम ही वाडवडिलांपासून चालत आलेली आहे' असे म्हणतात, त्यांचे वाडवडील फार तर चारशे वर्षांचे झाले. त्याआधीचे वाडवडील बिडीवाचून नांगरत होते, मळत होते, आणि सकाळी त्यांचे पोटही बिडीवाचून साफ होत होते.

आता धूर तोंडात गेल्यावर काय होते ते सांगतो. वास येतो, दात पिवळे-काळे पडतात, ओठांवर व हिरड्यांवर काळपट डाग येतात, जिभेची चव जाते. हे सर्वांस ठाऊक आहे व त्याची कोणास फारशी पर्वाही नाही. बायको तोंड फिरवते म्हणून बिडी सोडलेला मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही. म्हणून हा भाग येथेच सोडतो.

खरी चोरी हिरडीत होते. दात हाडात रोवलेला असतो आणि हिरडी त्याच्या भोवती बांधासारखी असते. दातांवर किटण साचले की त्यातील जंतू हिरडीस सुजवतात. धडधाकट माणसाच्या हिरडीतून अशा वेळी रक्त येते. राखुंडीने, दातणाने किंवा ब्रशने घासताना लाल थुंकी पडली की तो घाबरतो व काही इलाज करतो. ते रक्त म्हणजे राखणदाराची आरोळीच होय. पण तंबाखूत निकोटीन नावाचे जे द्रव्य आहे ते बारीक रक्तवाहिन्या आवळून धरते. त्यामुळे बिडी ओढणाराची हिरडी रोगी असूनही तिच्यातून रक्त फारसे येत नाही. तो म्हणतो, "माझ्या हिरड्या दगडासारख्या आहेत, तुमच्या मास्तरांच्याच हिरड्यांतून रक्त येते." राखणदाराचे तोंड बांधले म्हणजे घरात चोर नाही असे होत नाही. आतून दाताभोवतीचे हाड झिजत जाते. ओढ्याकाठचे बाभळीचे झाड पाहिले आहे ना? वरून हिरवेगार; पण दर पावसाळ्यात मुळांखालची माती निघून जाते, आणि एके दिवशी वारा नसताना झाड आडवे होते. बिडीवाल्याचा दात तसा हलतो. किडीची कळ नाही, ठणका नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी ज्वारीची भाकर मोडता मोडता दाढ हातात येते. मग भाकर आमटीत कुस्करून खावी लागते, हरभरे-शेंगदाणे सुटतात, आणि मनुष्य वयाच्या आधी म्हातारा दिसू लागतो. आपल्या लोकांत 'वय झाले की दात पडायचेच' असा एक समज आहे. तो खोटा आहे. दात वयाने पडत नाहीत, रोगाने पडतात. आणि त्या रोगास बिडीसारखा दुसरा सोबती नाही. ज्यास मधुमेह आहे व जो बिडीही ओढतो, त्याच्या हिरड्यांचे तर विचारूच नका.

दाढ काढून आल्यावर दवाखान्याच्या दारातच बिडी पेटविणारे वीर आम्ही पाहिले आहेत. दाढेच्या खळग्यात जी रक्ताची गुठळी बसते तीच जखमेची खपली होय. झुरका ओढताना ती निघून येते, हाड उघडे पडते, आणि मग मनुष्य तीन रात्री भिंतीस डोके टेकून बसतो व दाढ काढणाराच्या नावाने बोटे मोडतो.

काही मंडळी आम्हास म्हणतात की सिगारेट वाईट, पण बिडी ही आपली गावठी, टेंभुर्णीच्या पानातली. तिजमध्ये तंबाखूही चिमूटभर. चिमूटभर खरी. पण ते पान नीट जळत नाही. बिडी क्षणाक्षणाला विझू पाहते, म्हणून ती सारखी व जोराने ओढावी लागते. प्रयोगशाळांत मोजून पाहिले तेव्हा एवढ्याशा बिडीच्या धुरात डांबर व विषारी कोळशाचा वायू सिगारेटीहून अधिक भरला. शिवाय बिडी ओठाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात धरण्याची प्रत्येकाची सवय असते. त्याच कोपऱ्यात, गालाच्या आतल्या बाजूस, पुढे पांढरा चट्टा उठतो. चिलीमवाल्यांची टाळू भाजून पांढरी पडते व तिजवर लाल ठिपके दिसतात. छापी ओली करून ओढल्याने धूर गाळला जातो ही समजूत म्हणजे चाळणीने पाणी अडविण्यासारखी आहे.

तो पांढरा चट्टा दुखत नाही, आणि दुखत नाही हेच त्याचे वाईट आहे. काटा रुतला तर आपण त्या क्षणी बसून काढतो, पण चट्टा वर्षानुवर्षे तोंडात बाळगतो. असा प्रत्येक चट्टा कर्करोग होतो असे नाही; पुष्कळ चट्टे बिडी सोडल्यावर आपोआप विरून जातात. परंतु काही बिघडतात, आणि कोणता बिघडेल हे वरून पाहून कोणास सांगता येत नाही. चट्टा लाल असेल किंवा पांढऱ्यात लाल मिसळलेला असेल तर धोका पुष्कळच जास्त. ही कोणा विलायतेची गोष्ट सांगत नाही. डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आदी संशोधकांनी आपल्याच महाराष्ट्रातील खेड्यांत जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली व १९७२ साली तो अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर त्यांनी केरळ, आंध्र व गुजरातेतील ३६,००० तंबाखू ओढणाऱ्या-खाणाऱ्या खेडुतांस नुसता उपदेश करून पाहिला: घरोघर जाऊन, तोंड तपासून, तंबाखू सोडण्याविषयी समजावून. १९८६ साली त्याचा निकाल छापून आला. ज्यांनी सोडली किंवा कमी केली त्यांच्यात नवे चट्टे उठण्याचे प्रमाण घटले. 'मास्तर, सांगून काय उपयोग?' असे आम्हास जे वारंवार ऐकविले जाते त्यास हे उत्तर आहे. सांगून उपयोग होतो. पण एकदा सांगून होत नाही.

आज भारतातील पुरुषांस होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अगदी पहिल्या रांगेत आहे. २०२२ सालचा अंदाज असा की स्त्री-पुरुष मिळून वर्षास सुमारे १ लाख ४३ हजार नवे रोगी. बिडीबरोबर दारूही असेल तर दोहोंचा धोका नुसता मिळविला जात नाही, तो गुणिला जातो. हे रोगी कोण? बहुतेक आपलेच: रानात राबणारे, हमाली करणारे, घाणा-भट्टीवर बसणारे. ते इस्पितळात पोहोचतात तेव्हा गालास भोक पडलेले असते किंवा मानेत गाठी आलेल्या असतात. त्यापूर्वीचे सहा महिने कोठे गेले? ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पहिला महिना 'उष्णता आहे' म्हणून गुलकंदात गेला. दुसरा, दाताचे टोक लागते म्हणून. तिसरा कपाशी वेचण्यात. चौथा लग्नात. पाचव्या महिन्यात कोणी मोठ्या डॉक्टरकडे नेले, त्याने तुकडा काढून तपासू म्हटले, तो घरी येऊन शेजारी म्हणाला, "लोखंड लागू देऊ नकोस, लोखंड लागले की रोग भडकतो." सहावा महिना त्या शेजाऱ्याने खाल्ला. आमच्या शाळेत त्या माणसाची मुलगी सातवीत होती. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही. आईबरोबर मिरच्या तोडण्यास जाऊ लागली.

त्या शेजाऱ्याचा आम्हास राग नाही, पण त्याचे वाक्य गावातून हद्दपार झाले पाहिजे. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तपासल्यावाचून रोगाचे नाव कळत नाही, आणि नाव कळल्यावाचून औषध होत नाही. शस्त्र लावल्यावर रोगी दगावला असे जे दिसते त्याचे कारण शस्त्र उशिरा लागले हे होय. वाटाण्याएवढा असता काढला तर बहुतेक माणसे बरी होऊन पुन्हा औत धरतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी नुसती बॅटरी लावून खेड्यांतल्या माणसांची तोंडे वेळोवेळी पाहिली. तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, हे २००५ साली सिद्ध झाले. बॅटरी आपल्याही घरी आहे.

आता आमच्या मायबहिणींस दोन शब्द. 'आम्ही कोठे बिडी ओढतो?' असे म्हणून त्या निश्चिंत बसल्या आहेत. पण तव्यावर तंबाखू जाळून, तिची मशेरी करून, सकाळ-दुपार-रात्र दातांस घासणे म्हणजे धुराऐवजी राख खाणेच होय. पोर रडते म्हणून त्याच्याही हिरडीस बोट लावणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. दाढ दुखते म्हणून तंबाखू धरली की जागा बधिर होते व बरे वाटते, तेवढ्यावरून ती औषध ठरत नाही. कीड आत तशीच चालू राहते. गरोदर बाईने तंबाखू लावली तर मूल हलक्या वजनाचे होते. मुंबईतील एका पाहणीत हा फरक सरासरी १०५ ग्रॅमचा भरला. एवढे वजन म्हणजे नवजात पोराचा केवढा वाटा हे आपणांस सांगावयास नको.

आणि तरुण मंडळी तर बिडीसही हसतात. त्यांस गुटखा पाहिजे, मावा पाहिजे. सुपारी ही निव्वळ झाडाची बी, तिने काय होते, असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीस २००४ साली कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी आंबाड्याच्या दोरासारखी ताठ होते. पहिली खूण म्हणजे ठेचा झोंबू लागतो. सिल्लोड तालुक्यातल्या माणसास मिरची झोंबू लागली म्हणजे काही तरी बिघडले आहे हे त्याने समजावे! पुढे तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत, मग दोन, मग एक. राज्य सरकारने २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी घातली आहे. बंदी असूनही पुडी कोठे मिळते हे आमच्या चौथीच्या मुलांस ठाऊक आहे, ते अंमलदारांस कसे ठाऊक नसते हे एक कोडेच आहे. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे हा गुन्हा आहे. २००८ च्या गांधीजयंतीपासून सार्वजनिक जागी बिडी ओढण्यास मनाई आहे. चावडी, एसटी आणि हा ओटा, तिन्ही त्यात आले.

परंतु कायद्यापेक्षा आमचे बोलणे बापांशी आहे. पोरास "जा रे, दुकानातून बंडल आण" म्हणून कोण पाठवितो? "चुलीतून पेटवून आण" म्हणून कोण सांगतो? चुलीपासून ओट्यापर्यंत येताना बिडी विझू नये म्हणून ते पोर दोन झुरके मारते. तोच त्याचा पहिला धडा. आम्ही शाळेत जे वर्षभर शिकवितो ते आपण एका बिडीत पुसून टाकता. आमच्या धंद्यातील जे बंधू मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे जाऊन धूर काढतात त्यांसही हे लागू आहे. मुले भिंतीपलीकडचेही पाहतात.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे, ती कोणी बोलत नाही. शेतात रोजंदारीवर माणसे लावली म्हणजे जो बिडी ओढतो त्यास 'बिडी ओढून घेतो' म्हणून दहा मिनिटे बांधावर बसावयास मिळते. जो ओढीत नाही तो बसला तर मालक म्हणतो, "काय रे, दमलास का?" पोरे हे पाहतात आणि दम घेण्याकरिता बिडी शिकतात. तेव्हा ज्यांच्या शेतावर माणसे लागतात त्यांस आमची विनंती आहे की त्यांनी पाण्याची सुट्टी सर्वांस सारखी द्यावी. त्यात कोणाचे एक सरीचेही काम बुडणार नाही.

पैशाचा हिशेब आम्ही मास्तर असल्यामुळे केल्यावाचून राहवत नाही. दिवसास वीस रुपये धरा. वर्षाचे ७,३०० झाले, दहा वर्षांचे ७३,०००. हे बिडीचे झाले. पडलेल्या दातांच्या कवळीचे, औषधाचे व बुडालेल्या रोजाचे वेगळे. यातून श्रीमंत कोण झाला? निपाणीकडे तंबाखू पिकविणारा शेतकरी म्हणाल तर त्याने १९८१ साली योग्य भावासाठी रस्ता अडविला, तेव्हा गोळीबारात शेतकरी प्राणास मुकले. सिन्नरची, सोलापूरची, गोंदियाची बिडी वळणारी बाई म्हणाल तर ती हजारामागे मजुरी मोजून घेते आणि तंबाखूची धूळ दिवसभर छातीत घेते. बिडी सुटली तर त्या बाईचे पोट कसे भरेल हा प्रश्न खोटा नाही. तिला दुसरा धंदा मिळवून देणे हे सरकारचे व समाजाचे काम आहे. पण तिचे पोट भरावे म्हणून आपला जबडा जाळावा, हा काही परोपकार नव्हे.

'आमचा आजा नव्वद वर्षे चिलीम ओढीत होता' असे कोणी तरी आता म्हणणारच. वाघूरच्या पुरातून एक जण पोहून पार झाला म्हणून आपण पोरांस पुरात घालीत नाही. पार झाला तो गोष्ट सांगावयास राहतो; बुडालेले सभेस येत नाहीत.

सोडावयाची कशी? दिवस ठरवावा व घरात सर्वांस सांगावा, म्हणजे फिरताना लाज वाटेल. पहिले तीन-चार दिवस कठीण जातात. चीड येते, झोप मोडते, डोके जड होते. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटे टिकते, मग ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, हातात काही काम घ्यावे. बिडी सोडून गुटखा धरू नये; तो खड्ड्यातून विहिरीत जाण्याचा प्रकार आहे. आणि एक महत्त्वाचे: बिडी सोडल्यावर काही दिवसांनी हिरड्यांतून रक्त येऊ लागण्याचा संभव आहे. पुष्कळ जण तेव्हाच घाबरतात व 'सोडली म्हणून बिघडले' असे म्हणून पुन्हा धरतात. तसे नव्हे. आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या, राखणदारास पुन्हा कंठ फुटला, इतकेच. त्या वेळी दातांच्या डॉक्टरकडून किटण काढून घ्यावे. झिजलेले हाड परत येत नाही, पण झीज मंदावते. आणि कर्करोगाचा धोका पाच ते दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर येतो. एकट्याने जमत नसेल तर सरकारचा १८००-११-२३५६ हा फुकट क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. पाकिटावरचे ते भयंकर चित्र पाहण्याचे टाळून आपण उलट्या बाजूने बंडल सोडतो, म्हणून तो क्रमांक दिसत नाही.

तोंड पाहावयाचे ते असे. सकाळच्या उन्हात आरसा घेऊन बसावे, चूळ भरावी, ओठ उलटून पाहावा, गाल बोटाने ओढून दोन्ही बाजू पाहाव्या, जीभ वर करून खालचा भाग, मग डावी-उजवी कड, मग टाळू. पांढरा-लाल चट्टा, गाठ, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, कारणावाचून हलणारा दात, कमी उघडणारे तोंड, यांपैकी काही आढळले तर गुलकंद खात बसू नये, आरोग्य केंद्रात जावे. तीस वर्षांवरील माणसांची तोंडे तेथे तपासावयाची, असा सरकारी कार्यक्रमच आहे. तपासली नाहीत तर मागून घ्यावे. पुढे लागल्यास छत्रपती संभाजीनगरास सरकारी दंत महाविद्यालय व सरकारी कर्करोग रुग्णालय ही दोन्ही आहेत. येथून शंभरेक किलोमीटर. खर्चासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने जी जन आरोग्य योजना आहे तिची चौकशी करावी. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्यावे.

आम्ही शाळेतील मोठा आरसा व एक बॅटरी आणून या ओट्यावर ठेवली आहे. ज्यांस आता पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे, लाजण्याचे कारण नाही. मायबहिणींसाठी शाळेच्या खोलीत आशाताई बसल्या आहेत. मागे बसलेले बाबा मघापासून हात वर करून आहेत, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.